मक्याला चुना, मैद्याला चरबी

सोनोरा आणि सिनालोआ ही मेक्सिकोच्या वायव्येची दोन राज्यं. तिथे घरोघरी मक्याचं एक बिस्किट केलं जातं. सोनोरात त्याला कोरिको म्हणतात, शेजारच्या सिनालोआत ताकुआरिन. मक्याचं पीठ, डुकराची चरबी, साखर किंवा गूळ, अंडी आणि थोडी बेकिंग पावडर एवढंच साहित्य. पीठ मळून त्याची वळी करायची, कडबोळ्यासारखी दोन टोकं जोडायची आणि भाजायचं. खेड्यांत अजूनही अंगणातल्या मातीच्या भट्टीत लाकडाच्या धगीवर हे काम चालतं.

या साहित्यातला मका तेवढा तिथला. १५१९मध्ये स्पॅनिश फौजा उतरेपर्यंत मेक्सिकोत गहू नव्हता, ऊस नव्हता, पाळीव डुकरंही नव्हती. गव्हाबरोबर बेकरी आली आणि स्पेनचं पोल्वोरोन हे बिस्किटही आलं. ते आज गुलाबी, पिवळ्या, तपकिरी रंगांत मेक्सिकोच्या बेकऱ्यांत दिसतं, आणि अक्रोड किंवा त्याच्यासारखंच पेकान घालून पिठीसाखरेत घोळवलेलं लग्नाच्या टेबलावरही. कोरिको आणि पोल्वोरोन दोन्ही तोंडात टाकताच विरघळतात, पण तिथवर पोचण्याच्या त्यांच्या वाटा अगदी उलट आहेत.

पोल्वोरोनची अडचण अशी की मैदा नको तितका चिवट असतो. त्यातली ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही प्रथिनं पाण्यात भिजून मळली गेली की ग्लुटेनचं लवचिक जाळं तयार होतं. पावाला ते हवंच, बिस्किटाला मात्र नको. म्हणून आधी भरपूर मोहन. चरबीचा पातळ थर पिठाच्या कणांवर बसला की पाणी प्रथिनांपर्यंत नीट पोचत नाही आणि जाळं तुटक राहतं. यासाठी डुकराची चरबी लोण्यापेक्षा कामाची, कारण बाजारच्या लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असतं आणि चरबीत जवळजवळ नसतंच. शिवाय थंड झाल्यावर तिचे स्फटिक मोठे आणि रवाळ बनतात. केकसाठी फेसायला ते वाईट, कारण बारीक हवा धरून ठेवत नाहीत. बिस्किट भुसभुशीत व्हायला मात्र छान.

   

कोरिकोची अडचण वेगळीच. मक्यात ग्लुटेन नाही, त्यामुळे साधं मक्याचं पीठ भिजवलं की वळी धड वळत नाही, फुटते. यावरचा तोडगा मेक्सिकोत स्पॅनिश येण्याच्या कित्येक शतकं आधी सापडला होता: चुना. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसेच ठेवतात. सकाळी दाणे फुगलेले असतात, बोटांनी चोळलं की साल सुटून हातात येतं. चुन्याने पाण्याला आलेला अल्कधर्मी गुण सालीतलं हेमिसेल्युलोज, म्हणजे पेशी बांधून ठेवणारं तंतुद्रव्य, विरघळवतो. त्यातलं काही डिंकासारखं पिठात उरतं, काही स्टार्च शिजून चिकट होतो आणि हे पीठ एकजीव मळलं जातं. मक्याच्या भाकरीला, म्हणजे तोर्तियाला, येणारा तो खास खमंग वासही याच प्रक्रियेची देणगी.

चुन्याने आणखी एक मोठं काम केलं. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळत नाही अशा रूपात अडकलेलं असतं. चुना ते मोकळं करतो. युरोपने मका नेला, चुना मात्र मागेच राहिला. परिणामी स्पेन आणि उत्तर इटलीतल्या गरीब मकाखाऊ शेतकऱ्यांत पेलाग्रा पसरला. कातडी सोलवटणारा, बुद्धी भ्रमिष्ट करणारा हा रोग १७३५मध्ये गास्पार कासाल या स्पॅनिश वैद्याने नोंदवला. कारण कळायला पुढे जवळपास दोनशे वर्षं गेली. पाककृतीतली एक पायरी गाळली तर काय होतं याचं याहून भयंकर उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

डुक्कर चालत नसेल त्यांनी चरबीऐवजी लोणी न घेता साजूक तूप घ्यावं. त्यातही पाणी जवळजवळ नसतं. आपल्या किराणा दुकानातलं मक्याचं पीठ मात्र चुन्यात शिजवलेलं नसतं. त्याची वळी करायची तर एखादं अंडं जास्त किंवा दोन-तीन चमचे मैदा घालावा लागतो, आणि वास तोर्तियाचा येत नाही.