कादंबरीवरचा अभिप्राय आणि कादंबरीचं परीक्षण

‘बनगरवाडी’ वाचून संपवल्यावर कुणी म्हणतं, ‘यात काही घडतच नाही, मला कंटाळा आला.’ या वाक्याचे दोन तुकडे आहेत आणि दोन्हींची जात वेगळी आहे. ‘मला कंटाळा आला’ हा अभिप्राय. तो खोडून काढता येत नाही, कारण कंटाळा आला की नाही हे त्या वाचकालाच माहीत. ‘काही घडतच नाही’ हे मात्र पुस्तकाबद्दलचं विधान आहे आणि ते पुस्तक उघडून तपासता येतं. तपासलं तर टिकत नाही. धनगरांच्या वाडीत नवा मास्तर येतो, शाळा भरू लागते, तालीम बांधली जाते, औंधचे राजेसाहेब तिथे येतात, दुष्काळ पडतो, वाडी ओस पडते. मग कंटाळा खोटा का? नाही. या घटना एकमेकींना पुढे ढकलत नाहीत. एक प्रसंग पुरा होतो, मग दुसरा सुरू होतो, आणि त्यांना बांधून ठेवतात ती मास्तरांची नजर आणि पावसाचं येणं-न येणं. ‘पुढे काय होणार’ या ओढीनं वाचणाऱ्याला तिथे धरायला काही सापडत नाही. कंटाळ्यापासून या कारणापर्यंतचं अंतर तेच अभिप्राय आणि परीक्षण यांच्यातलं अंतर.

अभिप्राय सांगतो, हे पुस्तक या वाचकाला कसं लागलं. परीक्षण सांगतं, हे पुस्तक कसं रचलंय आणि त्या रचनेतून काय साधलंय, काय निसटलंय. पहिल्याला खरेपणा पुरतो, दुसऱ्याला पुरावा लागतो. अभिप्राय ही परीक्षणाची खालची पायरी आहे ही समजूत चुकीची आहे. चांगला अभिप्राय दुर्मीळ असतो आणि पुस्तक निवडताना सामान्य वाचकाला त्याचाच जास्त उपयोग होतो.

उपयोग व्हायचा तर अभिप्रायात वाचक दिसला पाहिजे. ‘अप्रतिम, जरूर वाचा’ यात वाचकही नाही आणि पुस्तकही नाही. आधी काय वाचलेलं होतं, पुस्तक सलग वाचलं की आठवड्याच्या अंतरानं, पुरं केलं की मध्येच सोडलं, एवढं दोन ओळींत आलं की वाचणाऱ्याला आपलं माप लावता येतं. पुस्तक अर्धवट सोडलं असेल तरी अभिप्राय लिहायला हरकत नाही, फक्त कितव्या प्रकरणाशी सोडलं ते सांगायचं. परीक्षणाला ही मुभा नाही. शेवट न वाचता रचनेबद्दल बोलता येत नाही.

अभिप्रायासाठी काम थोडंच, पण वेळेवर करावं लागतं. दर चाळीस-पन्नास पानांनी थांबून एक ओळ लिहावी: आत्ता काय वाटतंय आणि कुणाबद्दल. पुस्तक संपल्यावर आठवून लिहिलं तर सगळ्या वाचनावर शेवटाचा रंग चढतो. शेवट आवडला की मधली रेंगाळलेली दीडशे पानं विसरली जातात, शेवट फसला की सुरुवातीचा आनंदही पुसला जातो. पुस्तक मिटल्यावर एक-दोन दिवसांत या ओळी समोर ठेवून दीडशे ते तीनशे शब्द लिहावेत. त्यात एक तरी नेमकी जागा हवी: एखादा प्रसंग, एखादं संभाषण, जिथे वाचन थांबलं किंवा वेगानं पुढे गेलं. ‘भाषा सुंदर आहे’ म्हणण्यापेक्षा ज्या परिच्छेदाशी पान उलटायचं राहून गेलं तो कोणता हे सांगितलेलं जास्त कामाचं.

परीक्षणाची तयारी वेगळी. पहिलं वाचन वाचक म्हणूनच करायचं, पेन्सिलीनं बारीक खुणा करत. त्यानंतर निदान पहिलं आणि शेवटचं प्रकरण पुन्हा वाचायचं, कारण सुरुवातीला लेखकानं काय पेरलं होतं ते शेवट माहीत झाल्यावरच दिसतं. मग चार गोष्टी कागदावर उतरवायच्या: गोष्ट कोण सांगतंय, किती काळाची आहे, तो काळ कोणत्या क्रमानं आलाय आणि प्रत्येक टप्प्याला किती पानं दिली आहेत. शेवटचा मुद्दा बहुतेक जण सोडून देतात, आणि कादंबरीचं गुपित बऱ्याचदा तिथेच असतं. दहा वर्षं दोन ओळींत आणि एक रात्र तीस पानांत सांगितली असेल तर लेखकाचं मन कुठे आहे ते कळतं.

‘गोष्ट कोण सांगतंय’ हा प्रश्न ‘मृत्युंजय’सारख्या कादंबरीत सगळ्यात आधी विचारावा लागतो. तिथे कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि कृष्ण असे सहा निवेदक आहेत. ‘कुंतीबद्दलचं माझं मत बदललं’ हा खरा आणि चांगला अभिप्राय. परीक्षणात पुढचं पाऊल टाकावं लागतं: ते कुंतीच्या स्वतःच्या निवेदनानं बदललं की कर्णाच्या? आणि सहा जणांची भाषा सहा जणांसारखी वाटते, की सगळे एकाच धाटणीत बोलतात? हे ठरवायला सोपी कसोटी आहे. प्रत्येक निवेदकाचं एकेक पान नाव झाकून कुणाला तरी वाचून दाखवायचं आणि कोण बोलतंय ते विचारायचं. ओळखता आलं नाही तर ते नोंदवायचं, आणि उदाहरणादाखल दोन-तीन ओळी उद्धृत करायच्या. परीक्षणात उद्धरण शोभेसाठी नसतं. ज्या उद्धरणानंतर आपलं एकही वाक्य येत नाही, ते काढून टाकावं.

सगळ्यात जास्त गोंधळ प्रथमपुरुषी कादंबऱ्यांत होतो. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ 1963 ची. पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या गावातून पुण्याला कॉलेजात येतो, पैसे उधळतो, परीक्षांत घसरतो आणि गावी परततो. ‘हा मुलगा वडिलांच्या पैशावर मजा करतो आणि वर जगाला नावं ठेवतो, मला त्याचा राग आला’ हा अगदी सरळ अभिप्राय आहे, आणि कादंबरी नीट भिडल्याची ती खूण आहे. परंतु त्याच रागाच्या भरात ‘लेखक बेजबाबदारपणाचं समर्थन करतो’ असं लिहिलं की गाडी रुळावरून घसरते. पांडुरंगचं मत आणि नेमाड्यांचं मत एकच आहे हे गृहीत कशावरून धरलं? ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे शब्द तो ठायी ठायी वापरतो. परीक्षकानं पाहायचं ते हे, की ते कुठे येतात आणि कुठे आटतात. धाकटी बहीण मनी जाते त्या पानांवरची भाषा आधीच्या वसतिगृहातल्या पानांशेजारी ठेवून वाचावी. लेखक निवेदकापासून किती अंतरावर उभा आहे, याचा पुरावा अशा फरकांत मिळतो. लेखकाच्या चरित्रात किंवा मुलाखतीत तो शोधू नये.

ऐतिहासिक कादंबऱ्यांत घसरण दुसऱ्या बाजूनं होते. ‘स्वामी’ वाचून ‘माधवराव पेशव्यांचा इतिहास कळला’ असं अनेक जण मनापासून म्हणतात. अभिप्राय म्हणून त्यावर आक्षेप नाही, कारण वाचकाला तसं वाटलं. परीक्षणात मात्र इथे गाळणी लागते. 18 नोव्हेंबर 1772 ला थेऊर इथे माधवरावांचा मृत्यू आणि रमाबाईंचं सती जाणं हा इतिहास. त्या दोघांची एकांतातली संभाषणं कादंबरीकार रणजित देसाईंची. नोंदलेलं कुठे संपतं आणि रचलेलं कुठे सुरू होतं, हे परीक्षकानं त्या काळावरचा निदान एक इतिहासग्रंथ शेजारी ठेवून पाहिलं पाहिजे. आणि रचलेलं सापडलं म्हणून कादंबरी हिणकस ठरत नाही. कादंबरीचं कामच ते आहे. प्रश्न एवढाच, की त्या संभाषणांनी ती माणसं उभी राहिली का.

कथानक किती सांगावं, याचा नियमही दोन्हींत एक नाही. अभिप्राय बहुतेकदा पुस्तक न वाचलेल्यासाठी असतो, म्हणून पहिल्या पाव भागापलीकडचं उघड करू नये. ‘स्वामी’चा शेवट मराठी वाचकाला आधीच माहीत असतो, तिथे लपवण्यासारखं काही नाही. ‘रणांगण’ची गोष्ट निराळी. 1939 ची ही छोटी कादंबरी युरोपातून निघालेल्या बोटीवर घडते. चक्रधर आणि ज्यू निर्वासितांमधली हॅर्टा तिथे भेटतात एवढं सांगून अभिप्राय थांबावा. परीक्षणाला शेवटाबद्दल बोलावंच लागतं, नाहीतर बोटीच्या प्रवासाची मर्यादित मुदत त्या नात्यावर काय परिणाम करते हे मांडता येणार नाही. तसं करताना सुरुवातीलाच एक ओळ लिहावी की पुढे शेवटाचा उल्लेख आहे. मात्र हजार शब्दांच्या परीक्षणात सातशे शब्द कथासार असेल तर ते परीक्षण नव्हे. कथानकाला पाचवा हिस्सा पुरे, तोही पुढच्या मुद्द्याला लागेल तेवढाच.

काही सवयी दोन्ही प्रकार बिघडवतात. मलपृष्ठावरचा मजकूर वाचून झाल्यावर लिहायला बसलं की त्यातले शब्द नकळत आपल्या लिखाणात उतरतात. तो विक्रीसाठी लिहिलेला असतो, म्हणून आपलं लिहून होईपर्यंत तो न वाचलेला बरा. पुरस्काराचंही तसंच. ‘ययाति’ला 1974 चा ज्ञानपीठ मिळाला ही माहिती आहे, गुणवत्तेचा पुरावा नाही. ती कादंबरी ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांच्या तोंडून येते. तिघांपैकी कुणाला किती जागा मिळाली आणि कुणाची बाजू लंगडी पडली, यावर बोलणारं परीक्षण पुरस्काराचं नाव न घेताही भक्कम उभं राहतं.

ऐकलेल्या कादंबरीबद्दल लिहिताना ती ऐकली आहे हे सांगावंच. अभिवाचकानं एखाद्या पात्राला घोगरा किंवा रडवेला आवाज दिला की ते पात्र ऐकणाऱ्याच्या मनात तसंच बसतं, आणि तो गुण किंवा दोष लेखकाच्या नावावर जमा होतो. अभिप्रायाला ऐकणं पुरतं. परीक्षणासाठी छापील प्रत हवी, शिवाय ऐकलेली आवृत्ती संक्षिप्त तर नाही ना हेही पाहायला हवं. अनुवादित कादंबरीत भाषेवर शेरा मारण्याआधी तो मूळ लेखकाला लागू आहे की अनुवादकाला, हे ठरवावं. मूळ भाषा येत नसेल तर फक्त मराठी वाक्यं कशी चालतात एवढ्यावर बोलावं आणि अनुवादकाचं नाव द्यावं. छापील पुस्तकाचा संदर्भ देताना पृष्ठक्रमांकासोबत प्रकरणही लिहावं. जुन्या कादंबऱ्यांच्या नव्या आवृत्त्यांत पानं बदलतात, आणि नुसत्या पृष्ठक्रमांकावरून वाचकाला ती ओळ सापडत नाही.

दोन्हींवर तारीख घालावी, पण कारणं वेगळी आहेत. विशीत ‘कोसला’ने वेड लावलेल्या माणसाला चाळिशीत पांडुरंग रडका वाटला, तर पहिला अभिप्राय खोडायचं कारण नाही. दोन्ही जपून ठेवावेत, शेजारीशेजारी. परीक्षणातलं विधान पुन्हा वाचताना चुकीचं निघालं, निवेदक ओळखण्यात गफलत झाली किंवा प्रसंगांचा क्रम उलटा लिहिला गेला, तर ते मजकुरातच दुरुस्त करून दुरुस्तीची तारीख खाली नोंदवावी.