ऑब्झर्व्हेशन आणि होल्डिंग: एकाच खोलीत कोंबलेल्या दोन गोष्टी

कॅज्युअल्टीला लागून असलेली एखादी खोली रिकामी होते. तिथे सहा बेड, दोन मॉनिटर आणि ऑक्सिजनची लाइन येते, दारावर 'ऑब्झर्व्हेशन युनिट' अशी पाटी लागते आणि युनिट सुरू झालं असं व्यवस्थापन जाहीर करतं. महिन्याभराने जाऊन पाहावं, तर चार बेडवर आयसीयूत जागा नाही म्हणून थांबलेले रुग्ण असतात, एकावर नातेवाईक पैशांची जुळवाजुळव करत आहेत म्हणून ठेवलेला रुग्ण असतो, आणि छातीत दुखतंय म्हणून आलेला माणूस बाहेर स्ट्रेचरवर असतो. मग बैठकीत विचारलं जातं, युनिट उघडलं तरी कॅज्युअल्टीतली गर्दी का हटत नाही? कारण उघडलं ते होल्डिंग आहे. ऑब्झर्व्हेशन युनिट त्या रुग्णालयात अजून सुरूच झालेलं नाही.

होल्डिंग काय असतं ते कॅज्युअल्टीत एक रात्र काढलेल्या कुणालाही ठाऊक आहे. अ‍ॅडमिट करायचं ठरलेलं असतं, आयपीडीचा (आंतररुग्ण विभागाचा) कागद निघालेला असतो, वर बेड मोकळा व्हायचा असतो. पावसाळ्यात डेंगी-लेप्टोच्या दिवसांत मोठ्या रुग्णालयांत ते टळत नाही, आणि त्यासाठी जागा हवीच. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

ऑब्झर्व्हेशनमध्ये निर्णयच व्हायचा असतो. या माणसाला घरी पाठवता येईल की अ‍ॅडमिट करावं लागेल, हे आत्ता सांगता येत नाही. पण सहा, बारा, फार तर चोवीस तासांत नक्की सांगता येईल, अशी स्थिती असते. होल्डिंगमधला रुग्ण बेडची वाट पाहतो, ऑब्झर्व्हेशनमधला रुग्ण उत्तराची.

शेजारशेजारच्या दोन बेडवर हे कसं दिसतं पाहा. एकावर न्यूमोनियाच्या साठीतल्या बाई आहेत: ऑक्सिजन चालू, अँटिबायोटिक सुरू, आयसीयूला कळवलेलं. दुसऱ्यावर पंचेचाळिशीचा माणूस: छातीत दुखून गेलं, पहिला ईसीजी आणि पहिला ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) ठीक. दोघांनाही सलाइनची लाइन, दोघांनाही मॉनिटर. पण बाईंना आजारी माणसाची शुश्रूषा हवी आहे आणि ती दर तासाला वाढू शकते. त्या माणसाला ठरलेल्या वेळी दुसरा ट्रोपोनिन, दुसरा ईसीजी आणि ते पाहून निर्णय घेणारा डॉक्टर हवा आहे. एकच सिस्टर दोघांना पाहत असेल, तर ती धावणार बाईंकडेच, आणि ते योग्यच आहे. त्या माणसाची तीन तासांनंतरची तपासणी मग सहा तासांवर जाते, नाहीतर सकाळच्या राउंडवर. सकाळी कन्सल्टंट येतात, 'आता ठेवलंच आहे तर आजचा दिवस राहू दे' म्हणतात, आणि एका उत्तरासाठी आलेला माणूस दोन दिवस अडकतो.

नुकसान त्या बाईंचंही होतं, आणि मला ते जास्त गंभीर वाटतं. 'ऑब्झर्व्हेशनला ठेवलंय' हे शब्द ऐकले की वरच्या टीमची घाई संपते. पेशंट कोणाचा, यावर कॅज्युअल्टी आणि मेडिसिन एकमेकांकडे बोट दाखवतात. आयसीयूची गरज असलेल्या रुग्णाला ऑब्झर्व्हेशनच्या बेडवर टाकणं, ही या सगळ्यातली मला सर्वांत न पटणारी गोष्ट आहे.

म्हणून माझा आग्रह एकच आहे. रुग्ण बेडवर जाण्याआधी केसपेपरवर चार ओळी लिहिलेल्या हव्यात: प्रश्न कोणता, उत्तर कशाने मिळणार, किती वाजता, आणि उत्तर वाईट आलं तर पुढे कुठे. 'बघू', 'वॉच' किंवा 'मॉनिटर व्हायटल्स' एवढंच लिहिलेला कागद मी परत करतो. प्रश्न लिहिता येत नसेल तर तो रुग्ण ऑब्झर्व्हेशनचा नाही.

छातीत दुखण्याचा प्रश्न सर्वांत सरळ. पहिला ईसीजी दहा मिनिटांच्या आत, हाय-सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन आल्याआल्या आणि बहुतेक ठिकाणी तीन तासांनी. तुमच्याकडे फक्त कार्ड टेस्ट (पट्टीवरची, कमी संवेदनशील ट्रोपोनिन चाचणी) असेल तर तिच्या बळावर तीन तासांत कुणाला घरी पाठवू नका. दुखणं सुरू झाल्यापासून सहा तास उलटल्यावर पुन्हा करा. नेमक्या याच रुग्णांसाठी १९८१ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या सेंट अ‍ॅग्नेस रुग्णालयात पहिलं चेस्ट पेन युनिट निघालं.

डोक्याला मार लागलेल्यांचं वेळापत्रकही ठरलेलं आहे. ब्रिटनमधल्या 'नाइस' या आरोग्यविषयक संस्थेच्या मार्गदर्शनाप्रमाणे, शुद्धीचा स्कोअर पंधरा (म्हणजे पूर्ण शुद्ध) झाल्यावर तपासणी दोन तास दर अर्ध्या तासाने, पुढचे चार तास दर तासाला, नंतर दोन-दोन तासांनी. हे सिस्टरच्या चार्टवर आधीच छापलेलं हवं. कोणाच्या आठवणीवर ते सोडू नये.

आपल्या ग्रामीण रुग्णालयांत ऑब्झर्व्हेशनचा खरा कस लागतो तो सर्पदंशात. रुग्ण चालत येतो, चावल्याची खूण पुसट, सूज नाही, आणि सोबतचा माणूस सांगतो, 'बिनविषारी होता, मारला आम्ही.' त्या सांगण्यावर विसंबून घरी पाठवायचं नसतं. लक्षणं नसली तरी चोवीस तास ठेवायचं. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी पहिले तीन तास दर तासाला आणि मग दर सहा तासांनी. घोणस आणि फुरशाचा दंश त्या चाचणीत सापडतो. मण्यार चावली असेल तर रक्त ठीक असतं आणि पापण्या जड व्हायला काही तास जातात, म्हणून रात्री झोपलेल्या रुग्णाला उठवून डोळे उघडायला लावायचे, मान उचलायला लावायची. काचेची कोरडी, स्वच्छ टेस्ट ट्यूब आणि घड्याळ एवढ्यावर हे होतं. मॉनिटर नाही म्हणून ऑब्झर्व्हेशन जमत नाही, हे कारण मी मान्य करत नाही.

विंचवाचंही तसंच. महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधावर केलेल्या कामामुळे लाल विंचवाच्या दंशाने होणारे मृत्यू खूप कमी झाले. नुसती दंशाची जागा दुखत असेल तर प्रश्न उघडा आहे: घाम, उलट्या, थंड पडणारे हातपाय येतात का? ते आले की प्रश्न संपला. आता उपचार, आणि बेड वॉर्डातला किंवा आयसीयूतला. कीटकनाशक प्यायलेला रुग्ण तर पहिल्या मिनिटापासूनच इथला नाही. पाच आजार असलेले, घरी बघायला कोणी नाही म्हणून आणलेले आजोबाही नाहीत. त्यांचा प्रश्न चोवीस तासांत सुटणारा नसतो, आणि तसं स्पष्ट सांगून अ‍ॅडमिट करणं हाच त्यांचा मान आहे.

बेड किती लागतील, हा हिशेब अंदाजाने करू नका. दिवसाला बारा रुग्ण आणि प्रत्येकी सरासरी बारा तास, म्हणजे १४४ बेड-तास. चोवीसने भागलं की सहा बेड कायम भरलेले. चढउतार धरून आठ ठेवा. आता त्यातल्या एका बेडवर आयसीयूची वाट पाहणारा रुग्ण छत्तीस तास राहिला, तर तुम्ही तीन रुग्णांची जागा घालवली. सिस्टर चार-पाच बेडमागे एक असावी आणि तिला कॅज्युअल्टीत 'जरा हात द्यायला' बोलावू नये. राउंड दिवसातून किमान तीन, आणि डिस्चार्जचा अधिकार युनिटच्या डॉक्टरकडे. घरी पाठवण्यासाठी कन्सल्टंटच्या फोनची वाट पाहावी लागत असेल, तर बाकी सगळी रचना व्यर्थ आहे.

युनिट नीट चाललंय का, हे एका आकड्यावरून कळतं: आलेल्यांपैकी किती अ‍ॅडमिट झाले. चांगल्या युनिटमधून साधारण ७० ते ८० टक्के रुग्ण घरी जातात. जवळपास सगळेच घरी जात असतील, तर ज्यांना कॅज्युअल्टीतूनच पाठवता आलं असतं त्यांना तुम्ही उगाच ठेवताय. निम्मे वर जात असतील, तर ते होल्डिंगच आहे.

पडदे, रंग, खुर्च्या, युनिट तळमजल्यावर की पहिल्यावर, 'शॉर्ट स्टे' म्हणायचं की 'क्लिनिकल डिसिजन युनिट' यावर लोक तासन्‌तास बोलतात. काही फरक पडत नाही. कॅज्युअल्टीजवळ असावं आणि शौचालय आत असावं, एवढं बघा.

मेडिक्लेमने मात्र गोंधळ वाढवला आहे. आपल्याकडच्या प्रमाण व्याख्येत हॉस्पिटलायझेशन म्हणजे सलग किमान २४ तासांची आंतररुग्ण सेवा. ठरावीक उपचारांनाच सूट. शिवाय केवळ तपासण्यांसाठी झालेलं अ‍ॅडमिशन पॉलिसीतून वगळलेलं असतं. त्यामुळे आठव्या तासाला उत्तर मिळालं तरी नातेवाईक म्हणतात, 'डॉक्टर, चोवीस तास पूर्ण करून टाका ना.' त्यांची अडचण खरी आहे, बिल खिशातून जाणार असतं. तरीही तास भरण्यासाठी रुग्णाला ठेवू नये आणि कागदावर आजार फुगवू नये. खर्चाचं आधी सांगा, आत घेतानाच. ऑब्झर्व्हेशनचा एक ठरलेला, परवडणारा दर लावा आणि तो भिंतीवर लिहा.

अमेरिकेत ज्यांचे आईवडील मेडिकेअरवर (तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यावर) आहेत, त्यांनी एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवावी. तिथे 'ऑब्झर्व्हेशन' हा पैशांच्या हिशेबातला दर्जा आहे. आई दोन रात्री वॉर्डातल्या बेडवर असली तरी कागदोपत्री ती बाह्यरुग्ण असू शकते, आणि मूळ मेडिकेअरमध्ये नंतरच्या नर्सिंग केंद्राचा खर्च मिळायला लागणाऱ्या सलग तीन आंतररुग्ण दिवसांत ते तास धरत नाहीत. ऑब्झर्व्हेशन चोवीस तासांच्या पुढे गेलं तर रुग्णालयाला लेखी नोटीस द्यावी लागते. ती आली का, हे विचारा.

एक अडचण आपल्याकडच्या तालुक्याच्या ठिकाणी नेहमी येते. रात्री दोनला उत्तर मिळतं, सगळं ठीक असतं, पण वाडीवर जायला सकाळच्या एसटीशिवाय गाडी नसते. अशा माणसाला बाहेर काढायचं नाही, झोपू द्यायचं. फक्त केसपेपरवर दोन वेळा वेगळ्या लिहायच्या: निर्णय झाला तो रात्री दोनला, बेड सुटला तो सकाळी साडेसहाला. महिन्याचा हिशेब करताना पहिली वेळ धरायची, आणि दोन वेळांमधलं अंतर सतत वाढत असेल तर बेड वाढवण्याआधी वाहनाची सोय करायची.