पार्श्वभूमी: गेम 'विकत' घेणं म्हणजे नेमकं काय घेणं

जुलै २०२५ मध्ये युरोपातल्या एका नागरिक-उपक्रमाने १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. मागणी अशी, की पैसे घेऊन विकलेला गेम कंपनीला बंद करायचा असेल तर तिने तो खुशाल करावा, पण जाताना तो खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जावं. सर्व्हर, म्हणजे गेम ज्यांच्याशी जोडलेला असतो ते कंपनीचे संगणक, कायमचे चालू ठेवा असं कोणी म्हटलेलं नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण विरोधकांना दरवेळी नेमकं तेवढंच ऐकू येतं. सह्या वर्षभरात जमल्या, त्यामागचं भांडण मात्र वीसेक वर्षं जुनं आहे आणि ते सगळं एकाच शब्दाभोवती फिरतं. तो शब्द म्हणजे 'विकत'.

कार्ट्रिजच्या, म्हणजे गेमच्या यंत्रात (कन्सोलमध्ये) खोचायच्या डबीच्या काळात हा शब्द कोणाला खटकला नव्हता. माझ्याकडचं 'पोकेमॉन सिल्व्हर' घ्या. १९९९ च्या त्या गेममध्ये घड्याळ होतं, दिवसा एक पोकेमॉन (गेममधला काल्पनिक प्राणी) भेटायचा, रात्री दुसरा. घड्याळ आणि सेव्ह (खेळ जिथवर आला त्याची नोंद) दोन्ही एकाच नाण्याएवढ्या सेलवर चालायचं, त्यामुळे या पिढीतल्या कार्ट्रिजांचे सेल आधीच्या पिढीपेक्षा लवकर संपले. माझाही संपला. मागचा स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरने निघत नाही, त्यासाठी वेगळं टोक मिळवावं लागलं. आत हिरवा सर्किट बोर्ड, त्यावर सेल, सेलच्या दोन्ही पट्ट्या सोल्डर केलेल्या. त्या सोडवल्या, नवा सेल बसवला, पुन्हा सोल्डर केलं. सेव्ह केलेलं सगळं गेलं, शाळेच्या दिवसांत जमवलेला अख्खा संघ गेला. गेम मात्र सुरू झाला, आणि तो सुरू करायला कोणाची परवानगी लागली नाही. मालकी याहून वेगळी काही असते असं मला वाटत नाही.

प्रकाशकांच्या डोळ्यांत ही मालकी तेव्हाही खुपत होतीच. अमेरिकेत १९९० मध्ये संगणकाचं सॉफ्टवेअर भाड्याने देण्यावर बंदी आली, पण कन्सोलच्या कार्ट्रिजांना त्यातून वगळलं गेलं. भाडं थांबवता येणार नाही हे दिसल्यावर १९८९ मध्येच तेव्हाच्या सर्वांत मोठ्या कन्सोल कंपनीने भाड्याच्या दुकानांच्या साखळीला कोर्टात खेचलं ते गेमसोबतच्या माहितीपुस्तिकांची झेरॉक्स काढल्याबद्दल! जपानमध्ये वाद जुन्या गेमच्या विक्रीवरून झाला. प्रकाशक म्हणाले, गेम हा चित्रपटासारखा आहे, सबब त्याच्या वितरणाचा हक्क आमचा. २००२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गेम चित्रपटासारखा आहे हे मान्य केलं, आणि तरीही पहिल्या विक्रीनंतर वितरणाचा हक्क संपतो असं सांगून निकाल दुकानदारांच्या बाजूने दिला. युक्तिवाद मंजूर, दावा नामंजूर.

मधल्या काळात अमेरिकेत केबलवरून (१९९४) आणि जपानमध्ये उपग्रहावरून (१९९५) गेम घरी पोचवण्याचे प्रयोग झाले. केबलवरून आलेला गेम कन्सोल बंद केला की गायब व्हायचा. त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही, कारण 'विकत' असं कोणी म्हटलंच नव्हतं.

शब्दाची फसवणूक सुरू झाली ती नोव्हेंबर २००४ मध्ये. 'हाफ-लाइफ २' खोक्यात आला, खोक्यात डिस्क होत्या, आणि एकट्याने खेळायच्या त्या गेमला चालू होण्यासाठी स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाचं खातं लागायचं. पहिल्या दिवशी सर्व्हरवर इतकी गर्दी उसळली, की डिस्क ड्राइव्हमध्ये घालून लोक नुसते ताटकळत बसले. आज सांगून खरं वाटणार नाही, पण स्टीम तेव्हा शिवी होती. मग अपडेट आपोआप यायला लागले, सवलतींचे सेल लागले, संगणक बदलला तरी सगळे गेम जिथल्या तिथे मिळायला लागले, आणि तो राग विरघळला. माझाही. माझ्या लायब्ररीतले निम्मे गेम मी एकदाही उघडलेले नाहीत, ते त्या सवलतींचेच बळी.

पण करार वाचायचा तर तो तेव्हापासून स्वच्छ आहे. दुकानाचं पान 'विकत घ्या' म्हणतं. त्याच दुकानाचा करार तुम्हाला ग्राहक म्हणतच नाही, 'सबस्क्रायबर' म्हणतो, आणि तुम्ही पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या गेमला 'सबस्क्रिप्शन'. एकाच व्यवहाराची दोन नावं, आणि भांडण लागलं की कंपनीला दुसरंच आठवतं. मराठीत ताबा वेगळा, मालकी वेगळी. इथे ताबाही पुरता नाही, कारण खातं दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, ते विकता येत नाही.

न्यायालयांनी या शब्दाचा गुंता सोडवण्यापेक्षा वाढवलाच. २०१२ मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायपीठाने म्हटलं, की एकरकमी पैसे घेऊन बेमुदत परवाना दिला तर नाव काहीही द्या, ती विक्रीच. घेणारा तो परवाना पुढे विकू शकतो. गेम खेळणाऱ्यांनी टाळ्या पिटल्या. २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने स्टीमवरच्या गेमलाही हेच लागू केलं. २०२२ मध्ये अपिलात ते उलटलं. कारण काय, तर गेम हे निव्वळ सॉफ्टवेअर नाही, त्यात चित्र आहे, संगीत आहे, कथा आहे, म्हणून सॉफ्टवेअरचा नियम त्याला लावता येणार नाही. आता हे जपानच्या निकालाशेजारी ठेवून पाहा. तिथे गेमला सिनेमाच्या पंक्तीला बसवलं आणि घेणारा जिंकला. इथे त्याला कलाकृती म्हणून गौरवलं आणि घेणारा हरला. आमचा छंद ही कला आहे म्हणून वर्षानुवर्षं कंठशोष करणाऱ्यांत मीही होतो, त्यामुळे हा निकाल जरा जास्तच झोंबला.

त्या काळात प्रकाशक चाचपणी करत होते. २०१० च्या सुमारास खोक्यात एकदाच चालणारा कोड यायला लागला. गेम जुना घेतलात तर ऑनलाइन खेळण्यासाठी वेगळे पैसे मोजा. २०१२ च्या मे महिन्यात 'डायब्लो ३' एकट्याने खेळतानाही सतत ऑनलाइन राहायला लावत होता, आणि पहिल्या रात्री असंख्य लोकांना फक्त 'एरर ३७' दिसला. मार्च २०१३ मध्ये 'सिमसिटी'ची तीच गत झाली. ऑफलाइन करणं तांत्रिकदृष्ट्या फार अवघड आहे असं तेव्हा सांगितलं गेलं. वर्षभराने ऑफलाइनची सोय अपडेटमधून आली.

या तापलेल्या तव्यावर जून २०१३ आला. या एका महिन्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण त्याबद्दल जे सर्रास सांगितलं जातं ते मला अर्धवट वाटतं.

मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वन या नव्या कन्सोलची घोषणा मे महिन्यात झाली होती. ६ जूनला नियम जाहीर झाले. कन्सोलने दर २४ तासांत एकदा सर्व्हरला हजेरी द्यायची. दुसऱ्याच्या कन्सोलवर आपल्या खात्यातून खेळायचं असेल तर दर तासाला. डिस्क म्हणजे केवळ वाहतुकीचं साधन, एकदा गेम खात्याला जोडला की तिचं काम संपलं. जुना गेम ठरावीक दुकानांतच विकायचा, तोही प्रकाशकाची ना नसेल तर. मित्राला द्यायचा असेल तर तो तुमच्या यादीत किमान ३० दिवसांपासून असला पाहिजे, आणि एक गेम एकदाच देता येईल. हे लिहिणाऱ्याला मित्र असतील का, असा प्रश्न मला तेव्हा पडला होता.

१० जूनला प्रतिस्पर्धी कंपनी सोनीने मंचावरून जाहीर केलं, की तिच्या नव्या कन्सोलवर, प्लेस्टेशन ४ वर, जुने गेम चालतील, हजेरी द्यावी लागणार नाही. सभागृह दणाणलं. किंमतही १०० डॉलरने कमी होती, हे आपण तत्त्वाच्या गप्पांत सोयीने विसरतो. पाठोपाठ अर्ध्या मिनिटाहूनही छोटी चित्रफीत आली, 'गेम मित्राला कसा द्यायचा'. एक माणूस दुसऱ्याच्या हातात डिस्क देतो. संपलं. १९ जूनला एक्सबॉक्सवाल्यांनी माघार घेतली. २४ तासांची हजेरी गेली, डिस्क पूर्वीसारखी देता-घेता येणार. खेळणाऱ्यांचा विजय म्हणून हा दिवस आजही सांगितला जातो. आरडाओरडा करणाऱ्यांत मी होतो, आणि चुकीचा होतो असं मला आजही वाटत नाही.

पण त्या दहा-बारा दिवसांत आणखी दोन गोष्टी घडल्या. रद्द झालेल्या योजनेत घरातल्या दहा जणांपर्यंत आपली अख्खी लायब्ररी वाटून घेण्याची सोय होती. माघारीसोबत तीही गेली. आणि ज्या मंचावर जुन्या गेमसाठी टाळ्या पडल्या, त्याच मंचावरच्या कंपनीने ऑनलाइन खेळण्यासाठी यापुढे वर्गणी भरावी लागेल असंही ठरवलं होतं. आधीच्या कन्सोलवर ते फुकट होतं. टाळ्यांच्या गदारोळात त्याबद्दल कोणी हू की चू केलं नाही. त्याच वर्षी बाजारात आलेलं एक्सबॉक्स वन खोक्यातून काढल्यावर निदान एकदा इंटरनेटला जोडल्याशिवाय चालत नव्हतं, हेही कोणाला फारसं खुपलं नाही.

ती योजना काळाच्या पुढे होती, राहिली असती तर डिजिटल गेमही पुढे विकता आले असते, असं म्हणणारे आता बरेच भेटतात. मला हे पटत नाही. हजेरी घेणारा सर्व्हर बंद झाला की काय, याचं उत्तर त्या योजनेत कुठेच नव्हतं. आमची चूक वेगळी होती. आम्ही डिस्कसाठी भांडलो आणि मालकीसाठी भांडलो असं समजून घरी गेलो. त्यानंतर डिस्क हळूहळू पोकळ होत गेली. काहींवर अर्धाच गेम, उरलेला डाउनलोड. काही खोक्यांत डिस्कच नाही, फक्त कोड. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. २०१९ पासून डिस्क घालायला फटच नसलेले कन्सोल आले आणि लोकांनी ते स्वखुशीने घेतले. २०१७ पासून महिन्याच्या वर्गणीवर शंभराहून अधिक गेम मिळू लागले. त्याच्याशी माझं भांडण नाही, कारण ती वर्गणी स्वतःला वर्गणीच म्हणवते.

मग एकेक दिवा मालवू लागला. 'पी.टी.' हा भयपट-गेम २०१४ मध्ये फुकट आला आणि २०१५ मध्ये दुकानातून नाहीसा झाला, इतका, की एकदा घेतलेल्यांनाही तो पुन्हा उतरवता येईना. लोक तो आत असलेले वापरलेले कन्सोल चढ्या भावाने विकू लागले. मार्च २०२३ मध्ये दोन जुन्या कन्सोलांची ऑनलाइन दुकानं एकाच दिवशी बंद झाली. त्याच वर्षीच्या एका पाहणीनुसार २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात सरळ मार्गाने मिळत नाहीत.

सह्यांच्या मोहिमेला निमित्त झालं 'द क्रू'. २०१४ चा गाड्या पळवायचा गेम, एकट्यानेही खेळता यायचा, पण सर्व्हरला जोडल्याशिवाय हलायचा नाही. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले, पाठोपाठ काहींच्या खात्यांतून परवानाही काढून घेतला गेला. डिस्क असलेल्यांचीही सुटका नव्हती. गाड्यांचे आणि संगीताचे करार संपतात, सर्व्हरला खर्च येतो, ही कारणं खोटी नाहीत. पण ओरड झाल्यावर त्याच कंपनीने मालिकेतल्या पुढच्या दोन गेमना ऑफलाइन सोय देण्याचं जाहीर केलं, तेव्हा 'सिमसिटी'ची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. त्याच वर्षी 'कॉन्कॉर्ड' दोन आठवड्यांत बंद पडला, तर सगळ्यांचे पैसे परत मिळाले. म्हणजे दोन आठवड्यांनी बंद केलं तर ती विक्री, आणि दहा वर्षांनी केलं तर परवाना. ही रेघ नेमकी कुठे आहे, ते कोणत्याही खोक्यावर छापलेलं नसतं.

सप्टेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात कायदा झाला: परवाना देत असाल तर ते स्पष्ट सांगा, नुसतं 'विकत घ्या' म्हणू नका. १ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. कायमचा उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय वापरता येईल अशा वस्तूंना त्यातून सूट आहे. पैसे देण्याच्या पानावर स्टीमने ऑक्टोबरमध्येच एक ओळ टाकली, की डिजिटल वस्तू घेताना तुम्हाला परवाना मिळतो. आम्ही २० वर्षं जे विकत घेत होतो, त्याचं खरं नाव त्या दिवशी पहिल्यांदा पैसे देण्याच्या बटणाच्या शेजारी दिसलं. 'विकत घ्या' हे शब्द तेवढे तसेच राहिले.

जून २०२५ मध्ये आलेल्या एका नव्या कन्सोलसाठी काही गेम अशा कार्डावर मिळतात, ज्यात गेम नसतो. कार्ड घातलं की गेम डाउनलोड होतो आणि खेळताना ते कार्ड आत असावं लागतं. खोक्यावर तसं ठळक लिहिलेलंही असतं. कार्ड विकता येतं, उसनं देता येतं. २०१३ मध्ये आम्ही ज्याच्यासाठी भांडलो, ते त्यात शाबूत आहे. मित्राने हातात दिलेलं असं एक कार्ड मी घातलं, तर समोर डाउनलोडची पट्टी आली. खेळायला बसलो तो दुसऱ्या दिवशी.