धुक्यात यंत्र उतरवतं, उघड्या हवेत माणूस

डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्याने विमानं रखडली, की हमखास ऐकू येतं, "हल्ली पायलटला काम काय? बटण दाबलं की विमान आपोआप उतरतं." प्रत्यक्षात बहुतेक वेळा शेवटच्या हजार-पाचशे फुटांवर वैमानिक ऑटोपायलट बंद करतात आणि विमान हाताने उतरवतात. अगदी टेकेपर्यंत यंत्रावर भिस्त ठेवायची ती मुख्यतः दाट धुक्यात. दिल्लीत 50 मीटर दृश्यमानतेतही विमान उतरवण्याची सोय आहे, आणि ताशी 250 किलोमीटर वेगाने येणारं विमान 50 मीटर एका सेकंदाच्या आतच कापतं. तिथे डोळे काय करणार?

मग यंत्राला रस्ता कसा दिसतो? मला ही युक्ती फार आवडते. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला अँटेनांची एक रांग असते, लोकलायझर. आपल्या एफएम रेडिओला लागूनच, 108 ते 112 मेगाहर्ट्झमध्ये तिचं प्रक्षेपण चालतं. एकाच वाहक लहरीवर, म्हणजे संदेश वाहून नेणाऱ्या मूळ रेडिओ लहरीवर, दोन सूर चढवलेले असतात. येणाऱ्या विमानाच्या डावीकडे 90 हर्ट्झचा सूर वरचढ, उजवीकडे 150 हर्ट्झचा. दोन्ही सारखे भरले, की विमान मध्यरेषेवर. उंचीसाठी ग्लाइड स्लोप: तेच दोन सूर, पण वर 90 आणि खाली 150, समतोल साधारण 3 अंशांच्या उतारावर. यातली खरी गंमत अशी, की रिसीव्हर सुरांचा नुसता जोर मोजत नाही, वाहक लहरीच्या तुलनेत प्रत्येक सूर किती खोल आहे ते पाहतो आणि दोन खोलींमधला फरक काढतो. त्यामुळे विमान दूर असो वा जवळ, संदेश क्षीण असो वा ठळक, मध्यरेषा जागची हलत नाही.

हलते ती परावर्तनाने. अँटेनासमोरून दुसरं विमान गेलं, की त्याच्या धातूवरून उसळलेली लहर मूळ लहरीत मिसळते, तोल बिघडतो आणि मध्यरेषाच वाकते. म्हणून धुक्यात ती जागा मोकळी राखतात, दोन विमानांत जास्त अंतर ठेवतात. उशीर होतो त्यामागे हेही एक कारण असतं. एरवी इतकी राखण नसते. 3 नोव्हेंबर 2011 रोजी म्युनिकला सिंगापूर एअरलाइन्सचं बोइंग 777 ऑटोपायलटवर उतरत होतं. हवा धुक्याचे नियम लागू होण्याइतकी वाईट नव्हती. पुढे उड्डाण करणाऱ्या विमानाने लोकलायझरची लहर विस्कटली आणि 777 धावपट्टी सोडून गवतात गेलं. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही.

हल्ली या सगळ्याला 'एआयची कमाल' म्हणण्याची टूम निघाली आहे. 10 जून 1965 रोजी लंडनच्या हीथ्रोवर ब्रिटिश युरोपियन एअरवेजच्या ट्रायडंट विमानाने प्रवाशांसह धावपट्टीला स्पर्श केला तो यंत्राच्या हाताने. त्यात एआयचा मागमूसही नव्हता.

धुकं नसताना विमान हाताने उतरवतात, त्यात वाऱ्याचाही प्रश्न असतो. एअरबस ए320ला आपोआप उतरताना 20 नॉटपर्यंतचाच (ताशी सुमारे 37 किलोमीटर) आडवा वारा चालतो, हाताने उतरवताना बराच जास्त.

पण ताबा इतक्या आधी का घ्यायचा? विमान मिनिटाला सुमारे 700 फूट उतरत असतं. 500 फुटांवर ताबा घेतला तर चाळीसेक सेकंद मिळतात. तेवढ्यात वाऱ्याचे झटके आणि विमानाचा प्रतिसाद हाताला कळू लागतो. 100 फुटांवर घेतला तर आठ-नऊ सेकंदच उरतात, आणि त्यातच साधारण 30 फुटांवर नाक अलगद उचलायचं असतं.