पायांच्या त्वचाविकारांवरील वनौषधी

टाचांच्या भेगा, बोटांच्या बेचक्यांतील चिखल्या आणि तळव्यावरचे कुरूप या तक्रारींवर पिढ्यानपिढ्या वापरात असलेले वनस्पतिज लेप, तेले व चीक. सुश्रुतसंहितेत हे विकार ‘क्षुद्ररोग’ (किरकोळ विकार) या गटात अनुक्रमे पाददारी, अलस आणि कदर या नावांनी आले आहेत.

यांत सर्वांत भरवशाचे उपाय भेगांवरचे. तळव्याच्या त्वचेत तैलग्रंथी नसतात. त्यामुळे तिथली जाड कातडी लवकर कोरडी पडते आणि शरीराचा भार आला की चिरते. सुश्रुताने पाददारीवर मेण, राळ आणि तूप असलेला लेप सांगितला आहे. आजचे राळेचे मलम त्याच जातीचे. कोकमाचे तेल एरवी घट्ट वडीच्या रूपात असते आणि साधारण 40 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, म्हणून ते कोमट करून भेगांत भरतात. या सर्वांचे काम एकच, त्वचेतला ओलावा बाहेर जाऊ न देणे. पाय कोमट पाण्यात भिजवून, टिपून लगेच लेप लावला तर गुण अधिक येतो. कोरड्या टाचेवर नुसते चोपडून फारसे साधत नाही.

चिखल्यांचे कारण नेमके उलटे. बेचक्यांत ओल साचून कातडी पांढरी पडते, सोलते आणि तिथे बुरशी वाढते. अशा जागी तुपकट लेप लावणे चूकच. मेंदीचा पाला वाटून लावण्याची रीत जुनी आहे. त्यातील टॅनिन या तुरट द्रव्यांमुळे त्वचा आवळते आणि ओल कमी होते. हळद व कडुलिंब प्रयोगशाळेत बुरशीला रोखतात, परंतु पायावरील चिखल्यांत त्यांची पारख तुलनेने कमी झाली आहे. टी ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांपासून काढलेल्या तेलाची झाली आहे : 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 50 टक्के द्रावणाने सुमारे 64 टक्के रुग्णांची बुरशी गेली, तर औषधविरहित द्रावणाने 31 टक्के. मात्र काहींच्या त्वचेला ते झोंबते. कच्चा लसूण ठेचून बांधल्यास त्वचा भाजते, तो टाळावा.

कुरूप दाबामुळे होते. बोचणारे पादत्राण बदलल्याशिवाय कोणतीही वनस्पती ते कायमचे घालवू शकत नाही.

त्यावर रुईचा चीक किंवा बिब्ब्याचे तेल लावण्याची प्रथा मात्र घातक आहे. बिब्ब्याने फोड येतात, आसपासची निरोगी कातडीही जळते. रुईचा चीक हाताला लागून डोळ्यात गेला तर इजा होते. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असल्यास भाजलेले कळतच नाही, आणि साध्या फोडाची चिघळून जखम होते. अशा रुग्णांनी कुरूप स्वतः कापू नये, त्यावर चीक लावू नये, गरम पाण्यात पाय बुडवू नयेत. भेगेतून रक्त वा पू येत असेल, सूज पायावर चढत असेल, तर लेप थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.