दम धरणं वेगळं, दम कोंडणं वेगळं

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली एखादी फाउंड्री, म्हणजे धातू ओतून सुटे भाग बनवणारा कारखाना. सकाळी साडेदहाला पुण्याच्या गिऱ्हाइकाचा फोन येतो: मशिनिंगमध्ये ब्लो होल (ओतताना अडकलेल्या गॅसची भोकं) उघडे पडलेत, लॉट अडवलाय, संध्याकाळपर्यंत उत्तर द्या, नाहीतर आमची लाइन थांबेल. फोन ठेवल्यावर मालकांचा चेहरा स्थिर, आवाज नेहमीचा. ऑफिसातले म्हणतात, "साहेब शांत आहेत." असतीलही. पण त्याच चेहऱ्यामागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी चालू असू शकतात: दम धरणं किंवा दम कोंडणं. लाल मातीत हा फरक लगेच कळतो. पकडीत सापडल्यावरही श्वास चालू ठेवणारा पैलवान टिकतो. श्वास रोखून नुसता जोर लावणारा लवकर ढिला पडतो. कारखान्यात तो कळायला उशीर होतो आणि त्याची किंमत मालाच्या रूपात मोजावी लागते.

हा फरक मोजलाही गेला आहे. जेम्स ग्रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना शस्त्रक्रियेची अंगावर येणारी चित्रफीत दाखवली. काहींना सांगितलं, तटस्थ नजरेनं, तांत्रिक बाजू बघा. काहींना सांगितलं, आत काहीही वाटो, चेहऱ्यावर दिसू देऊ नका. दोन्ही गटांचे चेहरे शांत राहिले. पहिल्या गटाला किळसही कमी वाटली. दुसऱ्याची किळस तेवढीच राहिली आणि शरीरावरचा ताण उलट वाढला. ग्रॉस आणि जेन रिचर्ड्स यांच्या २००० सालच्या कामातून आणखी एक गोष्ट दिसली: भावना दाबत बसलेल्यांना समोर घडलेल्या गोष्टींचे तपशील कमी आठवतात. मेंदूची निम्मी ताकद चेहरा सांभाळण्यात जाते, म्हणा ना. फोनवर राग गिळणाऱ्या मालकाला गिऱ्हाइकाने सांगितलेला हीट नंबर (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचा क्रमांक) आठवत नाही, तो यामुळे.

आता हेच रिजेक्शन घ्या. ब्लो होलची कारणं अनेक: वाळूत ओलावा जास्त, कोअरमधून (भागात पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवलेल्या वाळूच्या गाभ्यातून) निघणारा गॅस, साच्यातून गॅस बाहेर जायला वाट नसणं, थंड पडलेला धातू ओतणं. दम धरलेला माणूस आधी विभागणी विचारतो. भोकं एकाच कॅव्हिटीत (साच्यातल्या एकाच खाच्यात) असतील, तर पॅटर्न (साच्याला आकार देणारा नमुना) आणि गॅसच्या वाटा बघायच्या. एकाच हीटमध्ये असतील, तर ओतण्याचं तापमान. एका वेळेपासून पुढच्या सगळ्या हीटमध्ये असतील, तर वाळूचा ओलावा आणि कोअरची बॅच. दम कोंडलेला माणूस यातलं काही न विचारता "असू दे, बघू" म्हणतो, दुपारी साचे बनवणाऱ्या मोल्डरवर फुटतो आणि वाळू तशीच राहते.

ओळखायचं कसं? आवाजाच्या पट्टीवर जाऊ नका. कोल्हापुरात "कुठल्या हीटचा माल हाय ह्यो?" हे चढ्या आवाजातच विचारलं जातं, त्यात राग असेलच असं नाही. प्रश्न येतायत का, ते बघा. दम धरलेल्याकडून नेमके प्रश्न येतात आणि पाच मिनिटांपूर्वी ऐकलेला आकडा त्याला सांगता येतो. दम कोंडलेल्याचा जबडा आवळलेला असतो, उत्तरं एकेका शब्दाची, एकच वाक्य दोनदा वाचावं लागतं. आणि सगळ्यात महागात पडणारी खूण म्हणजे वाईट बातमी त्याच्याकडे उशिरा पोचते. २००३ च्या एका अभ्यासात बोलणाऱ्या जोडीतल्या एकीला भावना लपवायला सांगितल्यावर दुसरीचाही रक्तदाब वाढला होता. सुपरवायझरला साहेबांच्या केबिनमध्ये गुदमरल्यासारखं होतं, ते उगाच नाही.

कोंडलेला दम सोडवायला पहिली दोन मिनिटं शरीराची. बाजूला जाऊन बसा. भट्टीच्या प्लॅटफॉर्मवर हे करायचं नाही. चार सेकंद श्वास नाकाने आत, सहा सेकंद बाहेर, असे बारा. लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोके मंदावतात. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे भराभर मोठे श्वास घेणं. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, चक्कर येते आणि घाबरल्यासारखं आणखीच वाटतं.

मग जे वाटतंय ते बोलून टाका, एका वाक्यात: "मला राग आलाय. पण आधी हीट नंबर सांगा." एवढ्याने लपवण्याचं ओझं उतरतं आणि समोरच्यालाही अंदाज बांधत बसावं लागत नाही. त्यानंतर कागदावर तीन ओळी: नक्की काय माहीत आहे, काय माहीत नाही, ते कोण किती वाजेपर्यंत शोधणार. पहिल्या ओळीत आकडेच हवेत. किती नग गिऱ्हाइकाकडे, किती गाडीत, किती आपल्या फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करतात तिथे.

निर्णयांची वाटणीही इथेच करावी. मागे घेता येणारे निर्णय लगेच घ्या: डिस्पॅच थांबवा, संशयित माल लाल टॅग लावून वेगळा ठेवा. मागे न घेता येणारे, म्हणजे माणूस काढणं, गिऱ्हाइकाला तोडून बोलणं, दर बदलणं, त्या दिवशी घेऊ नका. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक ताण आल्यापासून साधारण वीस ते तीस मिनिटांनी शिखरावर असतं. फोननंतर अर्ध्या तासाने "आता मी शांत आहे" असं वाटतं, तेव्हाही ते पुरतं उतरलेलं नसतं.

काही ठिकाणी मात्र दोन मिनिटंही नसतात. एसजी आयर्नमध्ये (ज्यात ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असतं अशा बिडात) मॅग्नेशियम ट्रीटमेंट झाली की लॅडल, म्हणजे वितळलेल्या धातूचं भांडं, साधारण दहा मिनिटांत रिकामं व्हावं लागतं, नाहीतर मॅग्नेशियमचा असर उतरतो आणि ग्राफाइट गोल होत नाही. मोल्डिंग लाइन मध्येच अडली तर तिथे विचार करत उभं राहता येत नाही. उशीर झालेला धातू पिगमध्ये (पुन्हा वितळवायच्या ठोकळ्यांच्या साच्यात) ओतायचा, हे भिंतीवर आधीच लिहिलेलं हवं आणि तो हुकूम मालकाविना देण्याचा अधिकार शिफ्ट इनचार्जला हवा.

पुराचंही तसंच. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि वाहतूक काही दिवस बंद राहिली. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. ३९ ला कोणता माल आधी बाहेर काढायचा, पॅटर्न आणि मोटारी कुठल्या उंचीवर हलवायच्या, कामगारांना घरी कधी सोडायचं, गिऱ्हाइकाला फोन कोण करणार, हे मे महिन्यात, पंख्याखाली बसून लिहून ठेवावं. ऑगस्टमध्ये पाणी चढत असताना तो कागद फक्त वाचायचा असतो.