पीपीआय आणि डीपीआय: ड्रोनचा फोटो मोठा छापताना

ड्रोनने काढलेला फोटो मोठ्या आकारात छापायला नेला की दुकानातून हमखास मागणी येते, ‘फाईल ३०० डीपीआयची द्या.’ फोटो काढणारा फाईलची माहिती उघडून पाहतो, तिथे ७२ हा आकडा दिसतो आणि आपला फोटो मोठ्या छपाईला कुचकामी आहे, असे समजून तो हिरमुसतो. वास्तविक दुकानदाराला विचारायचा असतो तो पीपीआय, म्हणजे छापील कागदाच्या एका इंचात फोटोचे किती पिक्सेल बसणार ते. डीपीआय, म्हणजे एका इंचात यंत्र शाईचे किती ठिपके टाकू शकते ते, ही त्याच्या यंत्राची बाब आहे.

इंकजेट यंत्राकडे शाईचे मोजकेच रंग असतात. फोटोतल्या एका पिक्सेलची फिकट निळी छटा उमटवण्यासाठी ते निळ्या, गुलाबी, काळ्या शाईचे अनेक सूक्ष्म ठिपके कमीअधिक विरळ टाकते. त्यामुळे यंत्रावर २८८० बाय १४४० डीपीआय असे लिहिलेले असले, तरी तेवढे पिक्सेल फोटोत असण्याची गरज नसते. चौकातल्या फ्लेक्सला नाक लावून पाहिले, तर हे ठिपके नुसत्या डोळ्यांनीही दिसतात.

पीपीआय मात्र साध्या भागाकाराने निघतो. डीजेआय मॅव्हिक ३ या ड्रोनचा २० मेगापिक्सेलचा फोटो ५२८० बाय ३९५६ पिक्सेलचा असतो. तो १७.६ इंच रुंद छापला तर ३०० पीपीआय मिळतात, ३५ इंचांवर १५० आणि ६० इंचांवर अवघे ८८. फाईलमधला ७२ चा आकडा बदलून ३०० केला, तरी पिक्सेल तेवढेच राहतात. फक्त छपाईचा नोंदवलेला आकार ७३ इंचांवरून १७.६ इंचांवर येतो. फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘रिसॅम्पल’ (पिक्सेलची संख्या बदलणे) या पर्यायाची खूण तशीच ठेवून हा बदल केला, तर ते मधले पिक्सेल अंदाजाने भरते. फाईल फुगते, पण कॅमेऱ्याने न टिपलेला तपशील तिच्यात येत नाही.

मग ८८ पीपीआय पुरेसे आहेत का? निरोगी डोळ्याला साधारण एक कलेपर्यंतचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा, फरक कळतो. या हिशेबाने एक फुटावरून पाहताना सुमारे २८५ पीपीआय लागतात, तीन फुटांवरून ९५ आणि पाच फुटांवरून ५७. व्यक्तिचित्र लोक मागे सरून पाहतात, म्हणून तिथे कमी पीपीआय खपून जातात. ड्रोनच्या फोटोचे तसे नसते. दिवे घाटातून चढणाऱ्या पालखी सोहळ्याचा फोटो सभागृहात पाच फुटी लावला, तर प्रत्येक वारकरी आपली दिंडी शोधायला भिंतीला चिकटणार, हे गृहीतच धरावे. अशा फोटोसाठी मी तरी तीन फुटांपेक्षा मोठा आकार सुचवणार नाही.

त्यातही उंचीचा हिशेब वेगळाच. याच कॅमेऱ्याने शंभर मीटरवरून सरळ खाली फोटो काढला, तर एक पिक्सेल जमिनीवरचे जवळपास पावणेतीन सेंटिमीटर व्यापतो. वारकऱ्याची टोपी सात-आठ पिक्सेलांत आटोपते. तिथे चेहरा मुळातच नाही, मग यंत्र कितीही डीपीआयचे असो. खरे पिक्सेल वाढवायचे तर खाली उतरून अनेक फोटो घ्यावेत आणि ते जोडावेत. डोंगर, किल्ला, शेत यांना हा उपाय उत्तम लागू पडतो. चालत्या दिंडीला मात्र नाही, कारण दोन फोटोंच्या मधल्या वेळात माणसे पुढे सरकतात आणि जोडावर अर्धे धड किंवा एकच पताका दोनदा दिसते.

दुकानात फाईल देताना तिची लांबी-रुंदी पिक्सेलमध्ये आणि छपाईचा आकार इंचांत सांगावा; यंत्राचा डीपीआय त्यांनाच ठरवू द्यावा. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलेली प्रत पिक्सेल गमावते, तेव्हा मूळ फाईल पेनड्राइव्हवरूनच न्यावी. पाच फुटी कॅनव्हासचे पैसे मोजण्याआधी फोटोतल्या सर्वांत गजबजलेल्या भागाचा ८८० बाय ७०४ पिक्सेलचा तुकडा कापून, न वाढवता, १० बाय ८ इंचांत छापून घ्यावा. पूर्ण छपाईत तो भाग नेमका तेवढाच आणि तसाच दिसणार असतो.